जो म्हणायचाय तोच शब्द

प्रिय,

तुझं नाव इथे मुद्दामच लिहिलेलं नाही. ते तू म्हणायचं आहेस.

रविवारी जपानीच्या वर्गातल्या सरावात तू उभा राहिलास, नीट कमरेतून वाकलास, ‘हाजिमेमाशिते’, म्हणजे ‘पहिल्यांदाच भेटतोय’, म्हणालास आणि मग भलतंच नाव सांगितलंस. दोन अक्षरी, ‘अ’ने सुरू होणारं, जिभेवरून सहज घसरणारं. वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही, एकीने तर टाळ्या वाजवल्या. माझ्या लक्षात आलं, कारण ते नाव बाहेर पडल्याबरोबर तुझे वर चढलेले खांदे खाली आले. ते खांदे मी ओळखते. रात्री तुझा मेसेज आला: “सेन्सेई, तिकडे जपानमध्ये सगळे मला त्याच नावाने ओळखतील. कुणाचं काय बिघडतं? आणि परदेशी माणूस अडखळतच बोलतो, त्यात माझं अडखळणं खपून जाईल.”

मी मोबाईलवर उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी कागद घेतला.

तू हुशार आहेस, मेहनती आहेस, हे तुला मी सांगायची गरज नाही. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी पास झालास ते काही उगाच नाही. पण त्या परीक्षेत शब्दसंग्रह असतो, व्याकरण असतं, वाचन असतं, ऐकणं असतं. बोलणं नसतं. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत एकाही पातळीला तोंड उघडावं लागत नाही. तुझ्यासारख्या आणि माझ्यासारख्या माणसाला ही परीक्षा म्हणजे देवाने दिलेली पळवाट वाटते. मलाही वाटली होती. पुढच्या महिन्यात नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या पडद्यावर तिघं बसतील आणि पहिलंच वाक्य विचारतील ते ओळख करून देण्याचं. तिथे पर्याय निवडून गोल काळा करता येत नाही.

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि या पत्रात ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जो शब्द म्हणायचा आहे, तोच म्हण. अडखळलास तर अडखळ, घशात अडकला तर अडकू दे, पण शब्द बदलू नकोस.

तुझं अडखळणं मी ऐकलंय. ते फार नाही. पण शब्द बदलण्यात तू तयार झाला आहेस, आणि मला भीती त्याची वाटते. बोलता बोलता तीन शब्द पुढे बघायचं, तिथे अवघड अक्षर दिसलं की आधीच्या वळणावरून गाडी दुसरीकडे घालायची. ऐकणाऱ्याला वाटतं, मुलगा विचार करून बोलतो. आत काय धावपळ चाललेली असते ते आपल्यालाच माहीत. प्रौढांमध्ये शंभरात साधारण एकजण अडखळतो, आणि अडखळणाऱ्या चार पुरुषांमागे बाई एक. मी ती पाचवी. मुलीच्या जातीला हे कुठून आलं म्हणून घरात वेखंड उगाळून झालं, शंखातलं पाणी पाजून झालं, रोज संध्याकाळी रामरक्षा झाली. रामरक्षा मी खडखडीत म्हणायचे. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना, गाताना आपल्यातलं जवळजवळ कुणीच अडखळत नाही. आईला वाटायचं, बघा, येतंय की! मग दारात पाहुणे आले आणि ‘नाव काय तुझं बाळ’ म्हणाले की त त प प.

माझं नाव ‘क’ने सुरू होतं, हे तुला माहीत आहे. ‘क’ माझा वैरी. कॉलेजात असताना सुट्टीत पुण्याहून कराडला मामाकडे जायचे. एसटीत कंडक्टर पंच वाजवत यायचा, “कुठं?” मी म्हणायचे, “पेठ नाका.” पेठ नाका कराडच्या पुढे आहे. जास्तीचे पैसे द्यायचे आणि कराडला उतरायचं. एकदा कंडक्टरनेच हटकलं, “अहो ताई, पेठ नाका यायचाय अजून, बसा!” आणि मी बसले. पेठ नाक्याला उतरले आणि उलट्या गाडीने परत आले, पण तेव्हाही ‘कराड’ म्हणाले नाही, वीस रुपयांची नोट पुढे केली आणि बोटाने दिशा दाखवली. हे सांगताना मला आजही हसू येत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. परदेशी भाषेत अडखळणं खपून जाईल. बाळा, हा शोध तू लावलेला नाहीस. मी जपानी का शिकले, हे लोक विचारतात तेव्हा मी संस्कृतीबद्दल, शिस्तीबद्दल बोलते, आणि ते खोटं नाही. पण पहिलं कारण हे की नव्या भाषेत पहिली दोन वर्षं मी अडखळलेच नाही. नवा आवाज, नवी लय, जणू दुसऱ्याच बाईच्या तोंडाने बोलतेय. पुढे भाषा अंगात मुरली आणि तीही माझ्यासारखीच अडखळायला लागली. तोपर्यंत मला सवय लागली होती ‘निहोंगो गा मादा हेता देस’ म्हणायची, जपानी अजून कच्चं आहे म्हणायची. जपानी कच्चं नव्हतं. वीस वर्षं मी त्या वाक्यामागे लपून काढली. समोरची माणसं सौजन्याने सोपं बोलू लागायची, महत्त्वाचं काम दुसऱ्याला द्यायची. त्यांचं काय चुकलं? मीच त्यांना सांगितलं होतं की मला भाषा येत नाही.

आणि तू म्हणतोस ती जपानी माणसं शांत असतात, थांबतात, ऐकून घेतात, हे अर्धंच खरं आहे. 2009 साली पाच खंडांतल्या दहा भाषांच्या गप्पा तपासून एक अभ्यास झाला. हो-नाहीचा प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो, हे त्यात मोजलं. सगळ्या भाषांची सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. सगळ्यात सावकाश उत्तर डॅनिश लोकांचं, जवळजवळ अर्धा सेकंद. आणि सगळ्यात झटपट जपानी, सुमारे 7 मिलिसेकंद. म्हणजे प्रश्न संपता संपताच उत्तर. बैठकीत ती माणसं गप्प बसलेली दिसतात म्हणून गप्पांतही थांबतील असं समजू नकोस.

त्यात आणखी ते ‘आइझुची’. बोलणाऱ्याच्या प्रत्येक अर्ध्या वाक्याला ‘हाय’ (हो), ‘ए’ (हं), ‘नारुहोदो’ (अस्सं होय). लोहाराच्या भात्यापाशी दोघं आळीपाळीने घण घालतात ना, त्यातल्या दुसऱ्याच्या घावाचं नाव आइझुची. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात, तसंच. झीलकरी ‘जी’ म्हणतो म्हणजे शाहिराचं म्हणणं त्याला पटलं असं कुणी धरत नाही. पण आपली पुण्या-चाकणची माणसं मीटिंगमधून बाहेर येऊन सांगायची, “साहेब प्रत्येक मुद्द्याला हाय हाय म्हणाले, ऑर्डर पक्की!” आणि साहेबांनी शेवटी ‘केन्तो शिमास’ म्हटलेलं असायचं, ज्याचा अर्थ आपल्या ‘बघू’सारखाच. ‘बघू’ म्हणजे काय हे कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत कुणालाही कळतं. तेच जपानीत ऐकलं की मात्र कळत नाही.

अडखळणाऱ्या माणसासाठी हे आइझुची अवघड असतं. तू शब्दावर अडकलास की समोरचा ‘हाय, हाय’ म्हणत राहतो, आणि तुला वाटतं तो घाई करतोय. तो घाई करत नाही. ‘आहे मी इथे’ म्हणतोय. मला हे कळायला फार वर्षं लागली, म्हणून तुला आजच सांगून ठेवते. पण तू शब्द बदललास तर त्याला काय ऐकलं ते कळणारच नाही. म्हणून तोच शब्द म्हण.

आता ते सांगते, ज्यासाठी खरं तर कागद घेतला.

2003 साल. मी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होते. प्रेस शॉपमध्ये एका डायवर, म्हणजे साच्यावर, पार्टला सारखी चीर जात होती, म्हणून जपानहून एक तज्ज्ञ येणार होते. ते बंगळूरला आलेले होते, आम्हाला एकच दिवस देणार होते. मला सांगितलं गेलं, “मॅडम, त्यांना फोन करून शुक्रवार सांगा. गुरुवारी आपली सुट्टी, लाइट बंद.” साधं काम. शुक्रवार म्हणजे किनयोबी. ‘कि’.

फोनवर चेहरा नसतो. माझा घसा बंद झाला. पलीकडून ‘मोशी मोशी?’ आलं. पुन्हा ‘मोशी मोशी?’ मी टेबलाची कड धरून उभी होते, बाजूला प्लॅनिंगचा मुलगा वही घेऊन थांबलेला. आणि मी शब्द बदलला. म्हणाले, ‘मोकुयोबी नो त्सुगि नो हि’. गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी. किती सफाईने म्हणाले! लाइनवर खरखर होती. त्यांनी ‘मोकुयोबी’ एवढंच धरलं. ‘हाय, मोकुयोबी’ म्हणाले. मी ऐकलं. मी दुरुस्त करायला हवं होतं, आणि दुरुस्त करायचं म्हणजे ‘किनयोबी’ म्हणायचं. मी म्हणाले, ‘हाय’.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते गृहस्थ बॅग घेऊन बंद गेटसमोर उभे. आत एक वॉचमन आणि दोन कुत्री. प्रेस चालवून दाखवायला वीज नाही. संध्याकाळी त्यांना निघायचं होतं. ट्रायल तीन आठवडे पुढे गेली आणि तेवढे दिवस चिरलेले पार्ट भंगारात जात राहिले.

नंतर बैठक झाली. फोनवरचं बोलणं लेखी कळवायचं काम प्लॅनिंगच्या त्या मुलाचं होतं, आणि त्याचा फॅक्स राहून गेला होता. तेवीस-चोवीसचा असेल, प्रोबेशनवर. जपानी बाजूचे साहेब त्याला बोलले, आणि ते सगळं मराठीत त्याला सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. शब्दन् शब्द. त्या अर्ध्या तासात मी एकदाही अडखळले नाही.

त्याला पुढे कायम केलं नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं होतं, कारण फोनच्या वेळी तो शेजारीच होता. जपानी त्याला येत नव्हतं, पण ‘शुक्रवार’ सांगायला एवढी वाक्यं लागत नाहीत हे कुणालाही कळतं. तो काही बोलला नाही. मीही नाही.

फॅक्स पाठवला असता तर काहीच झालं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरंही आहे. तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती, घर माझ्या पगारावर चालत होतं, अडखळणारी दुभाषी कुणी ठेवली असती का, हेही खरं आहे. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस, असं तुला विचारावंसंही वाटतं. पण हे सगळं लिहून झाल्यावरही तो मुलगा वही छातीशी धरून उभाच आहे.

त्यानंतर मी मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जाऊन स्पीच थेरपिस्टना भेटले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. लाज वाटत होती, लहान मुलांच्या रांगेत बसले होते. तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला “सावकाश बोला, दीर्घ श्वास घ्या” म्हणालं नाही. अडकलेला शब्द कसा सोडवायचा ते शिकवलं. व्हॅन रायपर नावाचे अमेरिकन तज्ज्ञ होते, स्वतः जबरदस्त अडखळायचे, त्यांची पद्धत. शब्दावर अडखळलास की तो पूर्ण कर, मग थांब, आणि तोच शब्द पुन्हा, जरा सैल ओठांनी म्हण. दुसरा नाही, तोच. पुढे अडखळत असतानाच मधे सैल व्हायला शिकायचं. मुद्दाम अडखळायचाही सराव असतो. दुकानात जाऊन मुद्दाम ‘का-का-कांदे’ म्हणायचं. पहिल्या दिवशी मी मंडईच्या दारातून परत आले. चौथ्या दिवशी म्हणाले. भाजीवाल्या मावशींनी मान वर न करता विचारलं, “किती?” एवढंच. तीस वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

तूसुद्धा आधी थेरपिस्टकडे जा. मी मास्तरीण आहे, उपचार करणारी नाही. तू काल पाहिलेल्या व्हिडिओत सांगितलेलं ते तोंडात पेन धरून वाचणं मात्र बंद कर. राळे मिसळायचेही बंद कर. ‘काळे राळे गोरे राळे’ भरभर म्हणता येणं आणि आपलं नाव सांगता येणं यांचा काहीही संबंध नाही. तनाका काकुएई, जपानचे पंतप्रधान होते 1972 ते 1974, लहानपणी अडखळायचे आणि नानिवाबुशी, म्हणजे तिकडची कथागीतं, गाऊन सुधारले, ही गोष्ट तू मला मोठ्या उत्साहाने सांगितलीस. त्यांचं खरं असेल. माझी रामरक्षाही खडखडीत होती.

एकदा कामासाठी नागोयात तीन महिने होते, तेव्हा तिथल्या ‘गेन्युकाई’त गेले. अडखळणाऱ्या लोकांची ही संघटना जपानमध्ये 1966 पासून आहे. नावातली तीन अक्षरं म्हणजे शब्द, मित्र आणि मंडळ. (आपल्याकडे टीसा, द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, 2008 साली सुरू झाली. पुण्यातही मंडळी भेटतात. तू जात नाहीस, का जात नाहीस ते मला सांगू नकोस, मला माहीत आहे.) एका सार्वजनिक सभागृहातली खोली, गोलात मांडलेल्या खुर्च्या, चपला बाहेर. साठीचे एक गृहस्थ सगळ्यांचे आभार मानायला उभे राहिले. ‘आरिगातो’मधला पहिला ‘आ’. तो येईना. ओठ उघडे, आवाज नाही, कपाळावरची शीर वर आलेली. मी वाट बघत होते की आता ते ‘दोमो’ म्हणतील. ‘दोमो’ म्हटलं तरी चालतं, आभारच असतात ते. ते म्हणाले नाहीत. आणि खोलीतलं आइझुची थांबलं. एकही ‘हाय’ नाही, एकही ‘ए’ नाही, कुणी मान हलवली नाही, शब्द पूर्ण करून दिला नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ‘आ-आ-आरिगातो गोझाइमास’ आलं, आणि ते शांतपणे बसले. अख्ख्या जपानात मला एवढं स्वच्छ आभार कुणी मानलेलं आठवत नाही.

तिथे मला कळलं की त्यांच्याकडेही अडखळणाऱ्याला ‘दोमोरी’ म्हणून हिणवत. आता ‘कित्सुओन’ म्हणतात. आपल्याकडे तोतरा, चाचरा, त त प प. कुठल्याशा समाजात हा दोष नसतोच, कारण त्यांच्या भाषेत त्याला शब्दच नाही, असं एकेकाळी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासकाने तिथल्या आदिवासींबद्दल लिहिलं होतं. पुढे शोधलं तर त्या भाषांमध्ये शब्दही सापडले आणि अडखळणारी माणसंही. तेव्हा तुझ्या डोक्यातला तो देश, जिथे हे कुणाला जाणवणारच नाही, तो नाही.

इंटरव्ह्यूचं सांगते. ओळख करून देतानाच म्हण, ‘वाताशि वा कित्सुओन गा आरिमास. सुकोशि जिकान गा काकारिमास.’ मला अडखळण्याचा त्रास आहे, थोडा वेळ लागेल. ‘कित्सुओन’ मलाही अजून सरळ म्हणता येत नाही, म्हणजे मी तो शब्द उच्चारतानाच त्याचा अर्थ दाखवते. पण या वाक्यानंतर लपवायचं काहीच उरत नाही आणि पुढचं सोपं जातं. मग तुझं नाव. आईवडिलांनी ठेवलेलं, चारही अक्षरं. प्रश्न कळला नाही तर ‘मो इचिदो ओनेगाइशिमास’, पुन्हा एकदा सांगा. न कळता ‘वाकारिमाशिता’, म्हणजे ‘समजलं’, म्हणालास तर तोही बदललेलाच शब्द. कारखान्यातल्या किती चुका मी अशा ‘वाकारिमाशिता’तून निघालेल्या पाहिल्या आहेत! आपला सुपरवायझर ‘बघतो’ म्हणायचा, मी ‘यारिमास’ म्हणजे ‘करतो’ असं सांगायचे, कारण तेवढं बोलून विषय मिटायचा. आठ दिवसांनी ते लोक केलेलं काम बघायला यायचे. तिथे ‘क’ नव्हता, तिथे माझा घसा मोकळा होता, तरी मी शब्द बदलला. एकदा सवय लागली की ती अक्षरापुरती राहत नाही. म्हणून इतकी मागे लागलेय तुझ्या.

इंटरव्ह्यूत ते तुला घेणार नाहीत, असंही होऊ शकतं. होऊ दे. भलत्या नावाच्या मुलाला घेतलं तर तू आयुष्यभर त्या मुलाची नोकरी करशील.

हे मी कुठून बोलतेय ते एक सांगून थांबते. माझ्या मुलीचं नाव कावेरी ठेवायचं होतं. माझ्या आजीचं नाव. सगळ्यांना मान्य होतं. बारशाच्या आदल्या रात्री मी हट्टाने दुसरं नाव काढलं, पत्रिका वगैरे काहीतरी कारण सांगितलं. सकाळी आत्याने तेच बाळाच्या कानात सांगितलं आणि कुर्रर्र केलं. नाव छान आहे. मला ते म्हणता येतं. शाळेच्या फाटकाशी उभं राहून तिला हाक मारता येईल का, एवढाच माझा विचार होता. मुलीला हे मी गेल्या वर्षी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई, तू अडखळत हाक मारली असतीस तर मी काय आले नसते?”

त्या प्लॅनिंगच्या मुलाचा नंबर मी मिळवला आहे. आता चाळिशी ओलांडली असेल त्याने. तीन आठवडे झाले, नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. फोन लावला की आधी स्वतःचं नाव सांगावं लागेल, आणि मग ‘किनयोबी’.

रविवारी साडेदहाला ये. वर्गाला नाही, घरी. कुणी नसेल, आणि मी घड्याळ काढून ठेवीन. तू तुझं नाव सांग, मी तो फोन लावते. आधी कोण, ते तू आल्यावर ठरवू.

तुझी,
सेन्सेई